कुमाऊंला जाताय? किलोमीटर विसरा, तास मोजा

उत्तराखंड म्हटलं की आपल्याकडे लोक सरळ चारधाम धरतात नाहीतर ऋषिकेश-मसुरी. राज्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे कुमाऊं, त्यातलं नैनिताल तेवढं सगळ्यांना माहिती आणि बाकीचं टूरवाले "वाटेत दाखवू" म्हणून उरकून टाकतात. पण खरी मजा त्या बाकीच्यातच आहे. नैनितालपासून कैंची, अल्मोडा, जागेश्वर, बिनसर, कौसानी, बैजनाथ, बागेश्वर अशी ही लाइन, हिच्यात हजार-बाराशे वर्षांची देवळंही आहेत आणि समोर नंदादेवी-त्रिशूल ही बर्फाची शिखरंही, आणि दोन्ही नीट बघायचं असेल तर प्लॅन जरा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

पद्धत अशी की दिवस ठिकाणांच्या यादीवरून लावायचा नाही, उजेडावरून लावायचा. शिखरं पहाटे बघायची, देवळं नऊ-दहानंतर ऊन वर आल्यावर, दुपार रस्त्यात घालवायची आणि संध्याकाळी बाजारात फिरायचं. बहुतेक टूरवाले नेमकं उलटं करतात, सकाळी आरामात नाश्ता, अकराला व्ह्यू पॉइंट, तिथे ढग, मग ड्रायव्हर म्हणतो "आज मौसम साफ नहीं है साहब". मौसम साफ होता, सहा वाजता होता! ऊन तापलं की दरीतली वाफ वर चढते आणि दहाच्या पुढे शिखरांवर ढग बसायला लागतात, हे जवळपास रोजचंच आहे. संध्याकाळी कधी कधी परत उघडतं आणि बर्फ गुलाबी-केशरी दिसतं, पण तो बोनस समजा, त्याच्यावर प्लॅन करू नका.

दुसरं म्हणजे अंतर. काठगोदाम, म्हणजे जिथे ट्रेनने उतरायचं, ते नैनिताल ३५ किलोमीटर, मॅपवर बघून माणूस म्हणतो पाऊण तास, लागतो दीड, सीझनला त्याहून जास्त. नैनिताल ते अल्मोडा साधारण ६५, धरा तीन तास. अल्मोडा ते जागेश्वर ३५, दीड तास. अल्मोडा ते कौसानी ५०, दोन तास. म्हणजे तासाला वीस-पंचवीस किलोमीटर असा हिशोब ठेवा आणि त्यात चहा, मेंढ्यांचा कळप, कोणाला तरी मळमळणं हे सगळं आलं. एका दिवसात तीन तासांपेक्षा जास्त गाडीत बसायचं नाही असा नियम केला तर ट्रिप सुखाची होते, विशेषतः सोबत आई-बाबा असतील तर.

तिसरी गोष्ट आपल्याला पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे अंधार. घड्याळ एकच असलं तरी हा भाग मुंबईच्या बराच पूर्वेला आणि उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरात अल्मोड्याला सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो, मुंबईत तेव्हा लख्ख ऊन असतं. आणि पहाडात शेअर जीपा दुपारी तीन-चारनंतर झपाट्याने कमी होतात. "सहाला निघू, आठला पोचू" हे पुणे-महाबळेश्वरला चालतं, इथे नाही चालत.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बेस्ट, पाऊस हवा धुवून गेलेला असतो आणि शिखरं अगदी कोरीव दिसतात. डिसेंबर-जानेवारीतही व्ह्यू मस्त पण थंडी खरी असते, रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि साध्या हॉटेलांत हीटर वेगळा भाड्याने मागावा लागतो. फेब्रुवारी-मार्चला बुरांश फुलतो, लालभडक फुलांची झाडंच्या झाडं, त्याचं सरबत बाटल्यांतून मिळतं. मे-जून म्हणजे आपली शाळांची सुट्टी, सगळा महाराष्ट्र आणि सगळी दिल्ली एकाच वेळी तिथे, वर चीड म्हणजे पाइनच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूर आणि धुरकट हवा, शिखरं दिसली तर नशीब. त्या दिवसांत जायचंच असेल तर देवळांसाठी आणि थंडाव्यासाठी जा, काफळ नावाची आंबटगोड लाल फळं खा आणि हिमालय दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून जा. जुलै ते मधला सप्टेंबर शक्यतो टाळा, दरडी कोसळतात.

दरडीवरून आठवलं, अल्मोड्याच्या अलीकडे क्वारब म्हणून जागा आहे, तिथे डोंगर २०२४ पासून खचतोय आणि हायवे अधूनमधून बंद असतो. निघायच्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याला फोन करून "क्वारब खुला है क्या" एवढं विचारा. बंद असेल तर खैरना-रानीखेतवरून वळसा घालून जाता येतं, वेळ जास्त लागतो पण रस्ता सुंदर आहे आणि त्या दिवशी बाकी काही ठेवू नका.

पोचायचं कसं, तर आधी दिल्ली. तिथून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते, किंवा सकाळची शताब्दी जी दुपारच्या आत पोचते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात आणि रानीखेत एक्सप्रेस जुनी दिल्ली स्टेशनवरून मिळते, दोन्ही स्टेशनं वेगळ्या टोकांना आहेत, तेव्हा मध्ये तीन तास तरी हाताशी ठेवा. मी रात्रीच्याच गाडीच्या बाजूची आहे कारण पहाटे उतरलं की अख्खा दिवस मिळतो. काठगोदाम स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सी उभ्या असतात, शिवाय के.एम.ओ.यू.च्या बस असतात म्हणजे कुमाऊं मोटर ओनर्स युनियनच्या, छोट्या, जुनाट, पण लोकल लोक त्यानेच फिरतात आणि ड्रायव्हर त्या वळणांवर आयुष्य काढलेले असतात. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या, मोबाइलमध्ये डोकं घालू नका आणि घाट सुरू व्हायच्या आधी बटाट्याचे पराठे हाणू नका, हे मी तुमच्या चांगल्यासाठी सांगतेय.

राहायला केएमव्हीएन म्हणजे कुमाऊं मंडल विकास निगमची गेस्टहाउसं जवळपास सगळीकडे आहेत, खोल्या साध्या, सर्व्हिस सरकारी, पण जागा अशा पटकावलेल्या की प्रायव्हेटवाल्यांना मिळणार नाहीत. बिनसरला आणि जागेश्वरला तर मी तेच सुचवेन.

आता एकेक ठिकाण.

नैनिताल. तलावाची दोन टोकं, खालचं तल्लीताल आणि वरचं मल्लीताल. नैनादेवीचं देऊळ मल्लीतालच्या बाजूला अगदी पाण्याकाठी, सतीचे डोळे इथे पडले अशी श्रद्धा. १८ सप्टेंबर १८८० ला इथे प्रचंड दरड कोसळली, १५१ माणसं गेली, जुनं देऊळही त्यात गाडलं गेलं आणि मग आत्ताच्या जागी नवीन बांधलं. समोर जे मोठं मैदान दिसतं, फ्लॅट्स म्हणतात, ते त्याच दरडीच्या मातीतून वाढलेलं सपाट मैदान आहे, आज त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. देवळात सकाळी सात-साडेसातला जा, तेव्हा तलावावर बोटी नसतात आणि पाणी स्थिर असतं. शिखरांसाठी स्नो व्ह्यूला रोपवे जातो पण पहिल्या फेऱ्या सुरू होईपर्यंत बऱ्याचदा ढग आलेले असतात, तेव्हा पायी किंवा टॅक्सीने लवकर गेलेलं बरं. टिफिन टॉप या व्ह्यू पॉइंटवरची प्रसिद्ध दगडी बैठक, डोरोथी सीट, मात्र आता नाही, २०२४ च्या पावसाळ्यात कोसळली, जुने व्हिडिओ बघून घोडेवाल्याशी सौदा करू नका. नैनितालला एक मुक्काम पुरे. माझं वैयक्तिक मत, पण मे महिन्यात तर तोही जास्तच.

कैंची धाम. नीम करोली बाबांचा आश्रम, नैनितालजवळच्या भवाली गावाच्या पुढे अल्मोडा हायवेवरच, १९६४ साली स्थापन झालेला. बाबा १९७३ च्या सप्टेंबरात गेले आणि पुढच्या वर्षी स्टीव्ह जॉब्स त्यांना भेटायला आला तेव्हा ते नव्हतेच, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे आणि गेल्या काही वर्षांत रील्समुळे गर्दी इतकी वाढलीय की दोन किलोमीटरच्या जॅममध्ये दोन तास अडकणारे लोक आहेत. उपाय सोपा आहे, शनिवार-रविवार टाळा, आणि भवालीला मुक्काम करून सकाळी सातच्या आत पोचा. १५ जूनला स्थापना दिवस असतो, लाखभर माणसं येतात, मालपुव्याचा प्रसाद असतो, भक्ती असेल तर जरूर जा पण मग तो अख्खा दिवस त्याच्यासाठीच ठेवा आणि गाडी लांबच सोडून शटलने या. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. नदीवरचा छोटा पूल ओलांडून जायचं, हनुमानाचं दर्शन घ्यायचं, जागा मिळाली तर दहा मिनिटं शांत बसायचं, एवढंच करायचं असतं तिथे.

अल्मोडा. माझ्या मते बेस कॅम्प इथेच टाकावा, तीन-चार रात्री, आणि रोज एका दिशेला जाऊन यावं, दर रात्री हॉटेल बदलत बसण्यापेक्षा. हे चंद राजांचं गाव, एका लांब डोंगरकण्यावर घोड्याच्या खोगिरासारखं पसरलेलं. लाला बाजारात दगडी फरशीचा रस्ता आहे, गाड्यांना बंदी, दोन्हीकडे जुन्या लाकडी कोरीव खिडक्यांची घरं, काही आता पाडून सिमेंट झालंय पण अजून बरंच शिल्लक आहे. संध्याकाळी पाच ते सात इथे फिरा. नंदादेवीचं देऊळ बाजारातच आहे. नंदा म्हणजे इथल्या लोकांची लेक, सासरी कैलासाला गेलेली आणि भाद्रपदात माहेरी येणारी. शुद्ध अष्टमीच्या आसपास नंदा-सुनंदाच्या मूर्ती केळीच्या खांबापासून बनवतात, मिरवणूक निघते आणि निरोप देताना बायका रडतात. आपल्याकडे साधारण त्याच दिवसांत गौरी बसलेल्या असतात, घरच्या गौरींना तुमची जरा सुट्टी चालणार असेल तर एकदा हा मेळा बघाच, बायकांना तर कोणी काही समजावून सांगावंच लागणार नाही. ऑफ सीझन असतो, पावसाचा भरवसा नसतो, तेवढी रिस्क धरून जा.

अल्मोड्यापासून आठेक किलोमीटरवर चितई, गोलू देवतेचं देऊळ. हे मी कोणालाच स्किप करू देत नाही. गोलू हा न्यायाचा देव. गोष्ट अशी सांगतात की चंपावतच्या राजाला धाकट्या राणीपासून मुलगा झाला, सवतींनी जळून बाळ पेटीत घालून नदीत सोडलं आणि आईच्या कुशीत पाटा-वरवंटा ठेवून सांगितलं की तुला हेच झालं. पेटी कोळ्याला मिळाली, मुलगा वाढला, आणि एक दिवस लाकडी घोडा घेऊन राण्यांच्या पाणवठ्यावर आला, म्हणाला सरका, माझ्या घोड्याला पाणी प्यायचंय. राण्या हसल्या, लाकडाचा घोडा कुठे पाणी पितो? तो म्हणाला, बाईला दगड होतो तर लाकडाचा घोडा पाणी का नाही पिणार. तोच पुढे राजा झाला आणि मग देव. त्यामुळे लोक इथे नवस बोलण्यापेक्षा अर्ज करतात, चक्क स्टॅम्प पेपरवर, जमिनीची केस, नोकरी, नवरा नांदवत नाही, सगळं लिहून टांगतात आणि काम झालं की घंटा बांधतात. हजारो घंटा आहेत, बोटाएवढ्यापासून मोठ्या मंदिरघंटांपर्यंत. तुम्हालाही अर्ज करायचा असेल तर साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो, देवाला काय. फक्त एक करा, दुसऱ्यांचे अर्ज वाचत आणि त्यांचे क्लोज-अप काढत बसू नका, त्यावर लोकांची नावं, पत्ते, घरातली भांडणं असतात.

दुसऱ्या दिशेला तितक्याच अंतरावर कसारदेवी. डोंगरमाथ्यावरचं छोटं देऊळ, विवेकानंद १८९० मध्ये हिमालयात फिरताना इथल्या गुहेत ध्यानाला बसले होते, पुढे जर्मनीत जन्मलेले बौद्ध लेखक लामा अनागारिक गोविंद कित्येक वर्षं या डोंगरावर राहिले आणि साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी लोक आले. आता कॅफे आहेत, कॉफी चांगली मिळते. "व्हॅन ॲलन बेल्टमुळे इथे विशेष ऊर्जा आहे" हे बोर्डावर आणि प्रत्येक गाइडच्या तोंडी ऐकाल, ते मनावर घेऊ नका, तो विद्युतभारित कणांचा पट्टा पृथ्वीभोवती शेकडो किलोमीटर वर असतो, एखाद्या गावाच्या डोक्यावर नाही. शांत वाटतं ते पाइनचं जंगल आणि वारा यामुळे आणि तेवढं पुरेसं आहे की. कार्तिक पौर्णिमेला इथे जत्रा भरते. पहाटे जा, देवळामागच्या खडकावरून शिखरं दिसतात.

जागेश्वर. या सगळ्या लाइनमधलं एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा. देवदाराच्या गर्द जंगलात, जटागंगेच्या ओढ्याकाठी, सव्वाशेच्या आसपास लहानमोठी दगडी देवळं, सातव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यानची, बरीचशी चंदांच्या आधीच्या कत्यूरी राजांच्या काळातली. आता मराठी माणसाला इथे एक प्रश्न पडतोच, कारण स्तोत्रात "नागेशं दारुकावने" आहे आणि आपण लहानपणापासून नागेश म्हणजे हिंगोलीचं औंढा नागनाथ मानत आलो. गुजरातवाले द्वारकेजवळचं नागेश्वर म्हणतात, आणि इथले पुजारी सांगतील की दारुकावन म्हणजे हे देवदाराचं वन, तेव्हा ज्योतिर्लिंग हेच. वाद घालू नका, तिन्हीकडे दर्शन घ्या, पुण्य वाया जात नाही.

पद्धत सांगते. अल्मोड्याच्या धारानौला स्टँडवरून पिथौरागढच्या दिशेच्या शेअर जीपा सुटतात, जागेश्वरची थेट मिळाली तर उत्तम, नाहीतर अरतोलाला उतरायचं आणि तिथून तीन किलोमीटर उताराचा रस्ता देवदारांतून चालत जायचा. मी तर म्हणेन स्वतःची गाडी असली तरी अरतोलाला उतराच, गाडी पुढे पाठवा. वाटेत दंडेश्वरचं देऊळ लागतं, मोठं आणि बहुतेक वेळा रिकामं, लोक गाडीतून बघून पुढे जातात. मुख्य आवारात आधी महामृत्युंजयाचं देऊळ, तिथलं सगळ्यात जुनं मानतात, मग जागेश्वर, मग पुष्टीमाता, आणि ओढ्यापलीकडे वर कुबेराचं, जिथून सगळी शिखरं एकत्र दिसतात, म्हणजे देवळांची. गाभाऱ्यात फोटो नाही. अभिषेक करायचा असेल तर पावती कुठे फाडायची ते आधी विचारा आणि दक्षिणेचं बोलणं बसण्याआधीच उरकून घ्या, म्हणजे नंतर कोणाचंच तोंड कडू होत नाही. जवळच पुरातत्त्व खात्याचं छोटं म्युझियम आहे, तिथल्या मूर्ती बघायला अर्धा तास ठेवा, शुक्रवारी बंद असू शकतं तर आधी चौकशी करा. फरशी बर्फासारखी गार असते, जाड लोकरी मोजे बॅगेत हवेतच, मोजे घालून आत गेलेलं साधारण चालतं पण गाभाऱ्याच्या दारात विचारून घ्या. आणि हो, हे ठिकाण जवळपास सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांना सगळ्यात सोयीचं.

श्रावणात जागेश्वरला मोठा मेळा असतो, पण इथला श्रावण आपला नाही. आपला अमावास्येनंतर सुरू होतो, इथे कुमाऊंत तो संक्रांतीवरून धरतात, म्हणजे हरेला सण झाला की, १६ जुलैच्या सुमारास. "श्रावणी सोमवार जागेश्वरला करू" म्हणून आपल्या कालनिर्णयवरून तिकीट काढलं तर काही वर्षी तुम्ही पोचाल आणि त्यांचा मेळा आवरत आलेला असेल. गर्दी नको असणाऱ्यांनी हीच माहिती उलटी वापरावी. बाकी तेव्हा पाऊस असतो हे वर सांगितलंच.

रात्री जागेश्वरला राहिलात तर उत्तम. संध्याकाळच्या आरतीला पाच-पंचवीस माणसं असतात आणि दिवसाच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, यूपीआयवर विसंबू नका, दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा.

बिनसर शिखरांसाठी. हे अभयारण्य आहे, अयारपानीच्या गेटवर पावती फाडून आत जायचं. उंची २४०० मीटरच्या वर, ओक आणि बुरांशचं जंगल. केएमव्हीएनच्या गेस्टहाउसपासून झिरो पॉइंट हा व्ह्यू पॉइंट साधारण दोन किलोमीटर चालत आहे, रस्ता सोपा. केदारनाथच्या शिखरांपासून पंचाचुलीपर्यंत ३०० किलोमीटरची रांग एका नजरेत येते असं सांगतात, आणि स्वच्छ दिवशी ते खोटं वाटत नाही. पण त्यासाठी रात्री आतच राहावं लागतं, अल्मोड्याहून सकाळी निघून पोचेपर्यंत उशीर होतो. बिबट्याचं जंगल आहे, अंधारात फिरू नका. उन्हाळ्यात वणव्याच्या बातम्या आहेत का बघून जा, जून २०२४ मध्ये इथे आग विझवताना वनखात्याची माणसं गेली. सिगरेट, काडी, काही म्हणजे काही नाही.

कटारमल कोसी गावाजवळ, कौसानीला जाताना वाकडी वाट करून होतं. सूर्याचं देऊळ, पूर्वाभिमुख, भोवती चाळीसेक छोटी देवळं. सकाळी ऊन समोरून येतं तेव्हा जावं. मूळचा कोरीव लाकडी दरवाजा आता इथे नाही, दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, दिल्लीत परतीच्या दिवशी वेळ असेल तर तिथे जाऊन बघा. थोडी चढण आहे.

पुढे सोमेश्वरच्या खोऱ्यातून भातशेतीमधून रस्ता जातो आणि मग कौसानी. गांधीजी १९२९ मध्ये इथे आले, दोनेक आठवडे राहिले, अनासक्तियोग या आपल्या गीतेच्या भाषांतराची प्रस्तावना इथे लिहिली म्हणून त्या बंगल्याला अनासक्ती आश्रम नाव. आश्रमात राहताही येतं, खोल्या साध्या, नियम पाळावे लागतात, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसावं लागतं, अंगणातून समोर सगळी रांग. हिंदीतले मोठे कवी सुमित्रानंदन पंत इथलेच, त्यांच्या घरात छोटं संग्रहालय आहे.

शिखरं ओळखायची कशी ते सांगते, कारण गाइड लोक काहीही ठोकून देतात. कौसानीहून डावीकडून उजवीकडे बघत या. लांब डावीकडे चौखंबा, मग नंदाघुंटी, मग समोरच तीन टोकांचा दांडगा त्रिशूल, ७१२० मीटर, तो जवळ असल्यामुळे सगळ्यात उंच तोच वाटतो आणि अर्धे लोक त्यालाच नंदादेवी समजून नमस्कार करतात. त्याच्या उजवीकडे मृगथुनी, मैकतोली, आणि त्यांच्या मागून डोकावणारी, दिसायला जरा बुटकी वाटणारी ती नंदादेवी, ७८१६ मीटर. आणखी उजवीकडे नंदाकोट आणि शेवटी पंचाचुली. दुर्बीण असेल तर घेऊन जा, लहान मुलांना फार आवडतं.

कौसानीहून खाली अर्ध्या-पाऊण तासावर बैजनाथ, गोमती नदीकाठी कत्यूरी राजांची देवळं. मुख्य देवळातली काळ्या दगडातली पार्वतीची उभी मूर्ती बघायला लांबून यावं अशी आहे, घाई करू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. घाटावर मोठाले मासे असतात, लोक त्यांना खायला घालतात, ते पकडायला बंदी आहे. तिथून आणखी वीसेक किलोमीटरवर बागेश्वर, शरयू आणि गोमतीचा संगम, बागनाथाचं देऊळ. एरवी धावतं दर्शन पुरतं, पण मकरसंक्रांतीला इथे उत्तरायणीचा मेळा असतो आणि तो वेगळाच प्रकार. १९२१ च्या जानेवारीत याच मेळ्यात लोकांनी कुली-बेगारीची रजिस्टरं, म्हणजे कोणाकडून फुकट ओझी वाहून घ्यायची त्याच्या इंग्रज सरकारच्या वह्या, शरयूत बुडवल्या होत्या, बद्रीदत्त पांडे पुढे होते, आणि ती प्रथा तिथून संपली. त्याच दिवसांत घराघरांत पोरं घुगुत्यांची, म्हणजे पिठाच्या गोड तळलेल्या आकारांची, माळ गळ्यात घालून "काले कौवा" म्हणत कावळ्यांना बोलावतात. मेळ्याला जाणार असाल तर खोली महिनाभर आधी बुक करा.

वागण्याबोलण्याचं थोडं. हिंदी सगळीकडे चालतं. वयाने मोठ्या पुरुषांना दाज्यू म्हणा, बायकांना दीदी, म्हाताऱ्या आजींना आमा, वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना "पैलाग" म्हटलं तर चेहरा खुलतो आणि चहाला बोलावणं येतं. उंबऱ्यावर आणि पायऱ्यांवर लाल गेरूवर पांढऱ्या तांदळाच्या पिठाची नक्षी दिसेल, आपल्या रांगोळीसारखी, तिला ऐपण म्हणतात. फोटोसाठी त्यावर पाय देऊ नका. जेवायला पंजाबी ढाबे टाळून "पहाडी खाना" लिहिलंय तिथे जा आणि आलूचे गुटके, भट्टाची म्हणजे काळ्या सोयाबीनची चुडकानी, मडुव्याची रोटी, भांगेच्या बियांची चटणी मागवा. चटणीने नशा होत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मडुवा म्हणजे आपली नाचणी, तेव्हा कोकणातल्या लोकांना घरच्यासारखं वाटेल. काकडीचा रायता मात्र जपून, त्यात मोहरी असते आणि ती थेट नाकात जाते.

परतीला बागेश्वर ते काठगोदाम एका दमात करू नका, सहा-सात तास जातात, मध्ये अल्मोड्याला एक रात्र घ्या. बालमिठाई तिथूनच घ्यायची, लाला बाजारात जुनी दुकानं आहेत, चॉकलेटी रंगाचा खवा आणि वर पांढरे साखरदाणे, थंडीत चार-पाच दिवस आरामात टिकते. सिंगोडी, म्हणजे मालूच्या पानात गुंडाळलेला खवा, तो तेवढा टिकत नाही, तिथेच खा किंवा ट्रेनमध्ये संपवा. डबा बॅगेत तळाशी ठेवू नका, दाणे सगळे गळून पडतात आणि दुपारी घाट उतरताना पायथ्याच्या हल्द्वानीच्या गरम हवेत खवा चिकटतो. रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे दिल्लीला पोचते, दुपारच्या पुढचं विमान किंवा गाडी घेतलीत तर कटारमलचा तो दरवाजा बघून होतो, फक्त म्युझियम सोमवारी बंद असतं.